कूलरचं वय

आमच्या नांदेडच्या फ्लॅटमधला एसी ऐन एप्रिलात बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने पायातले बूटही नीट काढले नव्हते, तेवढ्यात विचारलं, "किती जुना हाय, मॅडम?" मला सांगता येईना. फ्लॅट घेतला तेव्हा एसी भिंतीवर होताच. आधीचे मालक म्हणाले होते, नवाच आहे. पण जुन्या वस्तूबद्दल सगळेच मालक तसं म्हणतात. तो माणूस गॅलरीत गेला, बाहेरच्या डब्याच्या पाठीवर मोबाईलचा उजेड पाडला, तिथल्या कागदावरचा लांबलचक नंबर वाचला आणि त्यातल्या आकड्यांवरून साल सांगून मोकळा झाला. "चांगलाच म्हातारा हाय की," म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि मला भलत्याच वेळी सरवदे सिस्टरांची आठवण येऊन भरून आलं. एका कूलरचं वय काढायला त्या बाईंनी आख्खा उन्हाळा घातला होता. आज त्या असत्या तर मी लगेच फोन केला असता आणि त्यांनी आधी एसी दुरुस्त करणाऱ्याचंच वय विचारलं असतं.

लातूरला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. ज्युनियर कॉलेजात नोकरी, नवरा नांदेडला, आणि शनिवार आला की बसमध्ये धक्के खात एकाने दुसऱ्याकडे जायचं, असा आमचा संसार. खोली बघायला गेले तेव्हा सिस्टर ओट्यावर शेपू निवडत बसल्या होत्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, केसांचा घट्ट अंबाडा, पांढरी साडी आणि मनगटावर आतल्या बाजूला फिरवून बांधलेलं घड्याळ. रिटायर होऊन बराच काळ लोटला होता, पण घड्याळ अजून ड्यूटीवरच होतं. मी नमस्कार केला. "जयभीम," त्या म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न नावाचा नव्हता, नवऱ्याचा नव्हता, जातीचा तर नव्हताच. "वय?"

मी सांगितलं. मग माझ्या सुटकेसचं वय विचारलं. पुढे सामान आलं तेव्हा कुकरचं, गॅसच्या नळीचं आणि पंख्याचंही विचारलं. गॅसची नळी माझ्या लग्नातली निघाली, तर दुसऱ्या दिवशी मला बखोटीला धरून नवी आणायला लावली. "वय कळल्याबगर कुणालाच हात लावायचा न्हाई," हा त्यांचा नियम. माणूस असो, मोटार असो की अंगणातलं लिंबाचं झाड असो. गल्लीतल्या बायका मागून हसायच्या. पण लेकराला ताप आला की त्याच बायका पहिल्यांदा सिस्टरांच्या दारात उभ्या राहायच्या, आणि "वय?" म्हटलं की मुकाट्याने सांगायच्या.

ही सवय त्यांना नोकरीतच लागलेली. उमेदीची बरीच वर्षं भोकर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात गेली. तिथे म्हाताऱ्या माणसांना वय विचारलं तर "असंल की साठ-शंभर" असं उत्तर यायचं. सिस्टर हार मानणाऱ्या नव्हत्या. "रझाकाराच्या टायमाला चालत होता का कडंवर होता? दुष्काळात खडी फोडाय गेला तवा लग्न झालतं का? थोरली लेक न्हाती झाली तवा गावात लाईट आलती का?" असं एकेक विचारत त्या माणसाला त्याच्याच आयुष्यातून मागे चालवत न्यायच्या आणि वय काढायच्या. त्यात एक पथ्य त्या काटेकोर पाळत. आपल्याला वाटणारं साल आधी बोलून दाखवायचं नाही. "आपण 'सत्तर असंल ना' म्हणलं, की त्यो 'हाव' म्हणतो. गरीब माणूस हाय, आपलं मन मोडत न्हाई. मग ती गोळी सत्तरवाल्याची जाते पन्नासवाल्याच्या पोटात." हे मला त्यांनी चहा पिता पिता कितीदा सांगितलं असेल.

एवढी माणसांची वयं काढणाऱ्या बाईच्या घरातच एक वस्तू अशी होती, की तिचं वय त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मागच्या खोलीच्या खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर.

ती खोली घरातली सगळ्यात जुनी. पुढचं घर नंतर स्लॅबचं झालं, पण मागे पत्राच राहिला. सिस्टरांचे यजमान एका खाजगी शाळेत लिपिक होते. ते लातूरला, ह्या भोकरला, लहानगा मुलगा मिलिंद आईजवळ. आजारपणामुळे यजमान एका उन्हाळ्यात रजा घेऊन घरी पडून होते. चालता येत होतं, नाक्यावरच्या बूथवर जाऊन आरोग्य केंद्रात फोन करत. त्यांचं एकच सांगणं असायचं, "मी बरा हाय. घर गार हाय. तू लेकराला घेऊन उन्हात येऊ नको." सिस्टरांना शिबिराच्या ड्यूटीतून सुट्टी मिळत नव्हती. वैशाखी पौर्णिमा जवळ आली होती, पौर्णिमेला येतेच म्हणाल्या. त्याच्या आधीच एका दुपारी ते मागच्या खोलीत झोपेत गेले.

सिस्टर पोचल्या तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. त्या दिवसाचं त्यांना काही आठवत नव्हतं. काही महिन्यांनी बदली मिळून कायमच्या लातूरला आल्या तेव्हा खिडकीला कूलर होता. तो कुणी आणला हे विचारायची गरजच नव्हती. घर गार हाय, असं ते स्वतः म्हणाले होते ना.

त्या कूलरची बडदास्त मी दरवर्षी वरून बघायचे. शिमगा झाला की कूलर खाली यायचा. सिस्टर पदर खोचून त्याच्या टाकीतला वर्षभराचा खार खरवडायच्या, वाळ्याच्या जाळ्या बदलायच्या आणि मग सगळ्याला रंग द्यायच्या. लातुरात कूलरला रंग देणं नवलाचं नाही. पाण्याने पत्रा गंजतो, म्हणून घरोघरी शिमग्यानंतर डबे आणि ब्रश बाहेर निघतात. पण सिस्टरांची स्वच्छता दवाखान्यातली. त्या पत्र्याला रंग देत, जाळीला देत, पायांना देत, आणि हात फिरलाच आहे तर मोटारीवरच्या नाव-नंबरच्या पट्टीलाही देत. एकदा मी म्हटलं, "अहो सिस्टर, पट्टी तरी सोडा." तर म्हणाल्या, "जंतू काय पट्टी बघून बसत्यात का?" दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात कुणाचाच कूलर चालला नाही, प्यायलाच नव्हतं तर कूलरला कुठून घालणार. सिस्टरांनी त्या वर्षीही रंग दिला.

मिलिंद पुण्याला नोकरीला. आईवर जीव असलेला, जरा घाईतला मुलगा. माझ्या लातूरच्या शेवटच्या वर्षी शिमग्याला आला आणि म्हणाला, मागच्या खोलीला एसी बसवू, हा डबा भंगारात देऊ. सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या पप्पाचा हाय त्यो. राहू दे." मिलिंद मोबाईलमध्ये बघत सहज बोलून गेला, "पप्पांचा कुठला? पप्पा गेल्यावर काकांनी आणला ना. काकाच म्हणायचे."

मी तेव्हा वाटीभर पुरण घेऊन दारात उभी होते. सिस्टरांनी वाटी घेतली, झाकून ठेवली, परत माझ्या हातात तीच वाटी पुरणासकट दिली. काका म्हणजे शिरूर अनंतपाळचे त्यांचे दीर. ते वारले होते, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती. आणि जिवंत असते तरी उपयोग नव्हता, कारण ते गावातल्या विहिरीपासून मिलिंदच्या नोकरीपर्यंत सगळं आपणच केलं असं सांगणारे गृहस्थ होते. ते खोटं बोलत असण्याची शक्यता मोठी होती. पण कधीमधी खरंही बोलतच असतील.

दुसऱ्या दिवशी मिलिंद गेला आणि सिस्टर जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत. पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, कूलरचं वय कसं काढत्यात?"

मी काहीतरी हलकंफुलकं बोलणार होते, पण त्यांचा चेहरा बघून त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. "त्यो कूलर त्यांच्या टायमाचा असंल, तर मग ते म्हणले तसं घर गार होतं," सिस्टर म्हणाल्या. "आन मागून आला असंल, तर ते त्या पत्र्याखाली तसंच पडून होते. आन मला सांगत होते, गार हाय." एवढं बोलून त्यांनी मनगट फिरवून घड्याळ बघितलं. वेळ बघायची काही गरज नव्हती.

मग सुरू झाला त्यांचा शोध. आधी मोटारीची पट्टी. वर्षानुवर्षांच्या रंगाखाली ती अशी दडपली होती, की अक्षराचा उंचवटासुद्धा हाताला लागेना. रॉकेलचा बोळा, ब्लेड, पॉलिश पेपर घेऊन सिस्टर सकाळभर घासत बसल्या. "मीच पुसलं सगळं," असं अधूनमधून म्हणायच्या. शेवटी काही आकडे दिसले. मोटार दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं तर तो म्हणाला, ही मोटार मुळातली नाही, मधे कधीतरी जळाली आणि बदलली. सिस्टरांना आठवलं, मिलिंद शाळेत होता तेव्हा बदललीच होती. सगळी मेहनत पाण्यात गेली. मला वाटलं, संपलं आता.

पण ती पट्टी घासताना त्यांनी एक गोष्ट हेरली होती. वरच्या चंदेरी रंगाखाली हिरवा निघाला होता, हिरव्याखाली निळा. मी कॉलेजातून आले तर सिस्टरांनी कूलरची बाजूची पत्र्याची जाळी अंगणात आडवी घातली होती आणि तिचा एक कोपरा काचेने हलक्या हाताने खरवडत होत्या. मला हाक मारून जवळ बसवलं.

"ह्यो हिरवा बघा. मिलिंदचं बारावीचं साल. दारं रंगवली तवाचा उरलेला. ह्यो निळा विहाराच्या फाटकाचा. फाटक नवं झालं तवा डबा उरला, भंतेजी म्हणले घेऊन जा सिस्टर. ह्यो तांबडा, पुढची खोली बांधली तवा खिडकीच्या गजाला मारला होता." दरवर्षी नवा डबा कोण विकत घेतो? घरात ज्या कामाचा रंग उरेल तो संपेपर्यंत कूलरला, ही आमच्याकडची रीतच. त्यामुळे त्या पत्र्यावर सरवदे घराण्याचा सगळा इतिहास एकावर एक बसला होता, आणि सिस्टर म्हाताऱ्यांना मागे चालवत न्यायच्या तशा त्या पत्र्याला मागे नेत होत्या. तांबड्याखाली एक राखाडी, तोही ओळखीचा निघाला. आणि त्याच्या खाली, थेट पत्र्याला चिकटून, फिकट मोतिया रंग.

सिस्टरांनी काच खाली ठेवली. बोटाने तो कोपरा पुसला, परत पुसला. "ह्यो माझा न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यो रंग मी कधी घरात आणला न्हाई. मी यायच्या आधी कुणीतरी दिलाय." मग माझ्याकडे बघून हसल्या. त्यांचं हसणं मी तोवर पुष्कळदा बघितलं होतं, पण असं नव्हतं. नवी नवरी बघते तसं काहीतरी होतं त्यात, आणि मला एकदम माझ्या नवऱ्याची इतकी आठवण आली की मी वर जाऊन उगाच त्याला फोन केला. त्या संध्याकाळी सिस्टरांनी गल्लीत सगळ्यांना सरबत पाजलं. कशाबद्दल, ते कुणाला सांगितलं नाही.

मी मात्र शंकेखोर. मोतिया रंग यजमानांनी दिला असेल, दिरांनी दिला असेल, किंवा बनवणाऱ्यानेच देऊन विकला असेल. हे मी बोलून दाखवलं नाही. पण सिस्टरांच्या डोक्यात ते आलंच असणार, कारण दोन-चार दिवसांत त्या म्हणाल्या, "बनवणारा जिता असंल तर त्याला इचारू."

गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका गल्लीत पत्र्याचे कूलर बनवणारी दुकानं आहेत. विचारत विचारत आम्ही जाळी रिक्षात घालून तिथल्या सगळ्यात जुन्या कारागिराकडे, याकूबचाचांकडे पोचलो. दुकान आता मुलं बघत होती. चाचा दारात खुर्ची टाकून बसले होते, पांढरी दाढी, डोळ्यांना जाड चष्मा. सिस्टरांनी जाळी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सांगायला लागल्या. मी रिक्षावाल्याला थांबवायला मागे वळले. परत आले तेव्हा चाचा म्हणत होते, "हाव बहेन, मेरेच हाथ का है ये. तुमच्या साहबांच्या टायमाचाच. आदल्या उन्हाळ्यात नेला असंल बघा. बेफिकीर राहा."

मला एवढा आनंद झाला की मी चाचांच्या नातवाला खाऊला दहाची नोट दिली. सिस्टरांनी चाचांना हात जोडले, चहा घेतला, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि न विसरता त्यांचं वय विचारलं. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "सुटलात बाई एकदाच्या."

सिस्टर जाळी पोटाशी धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लई चांगला माणूस हाय."

"हो ना."

"खोटं बोलला."

 त्या शांतपणे सांगत होत्या, "त्यानं जाळीकडं बघितलंच न्हाई, मॅडम. चष्मा बी सरळ केला न्हाई. मला इचारलं, साहब कवा गेले? मी साल सांगितलं. मग म्हणला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातला. मीच आधी सांगून बसले. सगळ्या जिंदगीत कुणाला असं इचारलं न्हाई, आन आज इचारलं." रिक्षा सिग्नलला थांबली तशा त्याही थांबल्या. मग म्हणाल्या, "मी बी दवाखान्यात असंच सांगत होते लोकांना. 'लई शांत गेले, काय तरास झाला न्हाई.' दारात बायको उभी असली की काय सांगायचं मग? चाचाचा आवाज माझाच आवाज होता. त्याला वळखलं मी."

त्यानंतर कूलरचा विषय त्यांनी काढला नाही. जाळी परत बसवली, खरवडलेला कोपरा तसाच ठेवला, त्याच्यावर रंग दिला नाही. माझ्याशी बोलायच्या त्या फक्त माझ्या बदलीबद्दल. "अर्ज केला का? परत करा. साहेबाला जाऊन भेटा. नवरा-बायकोनं उन्हाळा तरी एका छताखाली काढावा." आधी हे त्या चेष्टेने म्हणायच्या, आता चेष्टा नव्हती. माझ्यापेक्षा त्यांचाच जास्त तगादा. त्यांच्या तगाद्यामुळे म्हणा की आणखी कशामुळे, माझी ऑर्डर मे महिन्यात हातात पडली. नांदेड. मी सामान बांधायला घेतलं आणि मला हे घर सोडवेना.

सिस्टर पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात वारल्या, पुण्याला, मिलिंदकडे. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या मे महिन्यातलं, सामान बांधण्याच्या गडबडीतलं.

पौर्णिमा दोन दिवसांवर होती. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. ऑर्डरीचे पेढे द्यायला मी खाली गेले. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि उष्ण वाफ अंगावर आली. खिडकी बंद होती. कूलर बंद, वाळ्याच्या जाळ्या कोरड्या खडखडीत, वरचा पंखासुद्धा थांबलेला. पत्रा तडतड वाजत होता. सिस्टर भिंतीकडेच्या लोखंडी पलंगावर पडल्या होत्या, पांढऱ्या साडीत, घामाने निथळत, डोळे उघडे.

"लाईट गेली का, सिस्टर?"

"न्हाई. लाईट हाय."

मी बटणाकडे गेले तशी त्यांनी हात वर केला. "नका लावू. ते आढ्याकडं बघून पडायचे म्हणं. शेजारीण सांगायची, ती बी गेली आता." त्या थांबल्या, ओठांवरून जीभ फिरवली. "जेवण झालं की येऊन पडते. पौर्णिमेपर्यंत. मिलिंदला सांगू नका."

"अहो, पण कशासाठी? तुमचं वय काय, हे काय चाललंय?"

"बघून राहिले," त्या म्हणाल्या.

त्यांना उठवावं, पंखा लावावा, रागवावं, असं सगळं मनात आलं. काहीच केलं नाही. पेढ्यांचा पुडा खाली ठेवून त्यांच्या पायाशी बसले. पलंगाची लोखंडी पट्टी चटका देत होती. पाठीवरून घामाच्या धारा लागल्या, डोकं जड झालं, श्वास घेतला तरी तो गरमच. बाहेर कुठेतरी शेजाऱ्यांचा कूलर घुमत होता, त्याचा आवाज येत होता. मी सिस्टरांचा पाय हातात धरून बसले. तोही तापलेला होता.

 त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे उतरत होतं आणि घामात मिसळत होतं.

"लई गरम होतं ओ मॅडम," त्या पत्र्याकडे बघत म्हणाल्या. "लई गरम होतं त्यांना."